साक्षीत दुरुस्ती होणेबाबत

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. ज्यांच्या हातात काल-परवा टीबीचा रिपोर्ट पडलाय आणि जे घरी येऊन पंख्याकडे बघत पडून आहेत, त्यांच्यासाठी. मला औषधांतलं काही कळत नाही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळंच कळतं असं घरातले धरून चालतात, आणि ते खोडून काढणं मला कधी जमलेलं नाही. पुढे जी गडबड झाली, त्यातली निम्मी यातूनच झाली. उरलेली निम्मी पप्पांच्या आवाजामुळे.

पप्पांचा आवाज

पप्पा नारपोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करतात, बावीस वर्षं. कारखान्यात एकाच वेळी इतके लूम खडखडत असतात की शेजारच्या माणसाला 'पाणी दे' म्हणायचं तरी गावाला हाक मारावी तसं ओरडावं लागतं. ड्युटी संपते, आवाज मात्र माणसाबरोबर घरी येतो. आमच्याकडे 'मीठ दे' म्हटलेलं चाळीतल्या तिसऱ्या खोलीत कळतं. कधीकधी तिथूनच मीठ येतं.

मला दीड महिना खोकला होता, संध्याकाळी ताप यायचा आणि श्वास घेतला की उजव्या बाजूला कळ यायची. मी ते परीक्षेवर ढकललं होतं. शेवटी पप्पांनी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, खुर्ची पुढे ओढली आणि बाहेरच्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाले, "फुप्फुसाच्या बाजूला पाणी झालंय. टीबी आहे. घाबरू नका, पूर्ण बरा होतो."

पप्पा म्हणाले, "टीबी? म्हंजे हिच्या आईला झाला होता तोच ना?"

बाहेरच्या रांगेला कळलं. मला वाटतं, रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसवाल्यालाही कळलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा मघाशी खचाखच भरलेला बाक पूर्ण रिकामा होता.

"बस बाय," पप्पा म्हणाले, "जागा झाली."

मी बसले. मग ते वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं. आई याच आजारानं गेली, अडीच वर्षांपूर्वी. ती आधी बरी झाली होती. खोकला थांबला, अंग भरलं, नाताळला तिनं एकटीनं सगळ्या करंज्या केल्या. नंतर आजार उलटला आणि दुसऱ्या वेळी औषधांना दाद देईना. मला एवढंच ठाऊक होतं. त्या रिकाम्या बाकावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: मी बरी झाले, तरी माझंही तसंच उलटणार का?

अर्ज

येशूवरचा विश्वास आमच्या घरात आईनं आणला. मी सहा वर्षांची होते. तिच्यामागून मी आले, माझ्यामागून पप्पा. आमचं गाव गणेशपुरीकडचं. तिथल्या नातेवाइकांनी बरीच वर्षं याचा राग धरला होता. दर रविवारी आम्ही शेलारला एका पत्र्याच्या शेडमध्ये मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रार्थनेला जातो. आई गेल्यापासून पप्पा मला तिथं सोडतात, पण आत येत नाहीत. दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, "चपला राखतो." आजवर एकही चप्पल गेलेली नाही, हे खरं आहे.

माझी प्रार्थनेची एक अडचण आहे. चाळीतले सगळे अर्ज मीच लिहिते. रेशनकार्डात नाव चढवणं, मीटर बदलणं, शाळेचा दाखला. हात असा बसलाय की डोळे मिटले तरी आतून तेच येतं. मा. प्रभू, वरील विषयास अनुसरून विनंती करते की. आईच्या आजारपणात मी रोज असा अर्ज करत होते. सरकारी ऑफिसात काम होवो न होवो, निदान पोच तरी मिळते, तारखेचा शिक्का बसतो. आईच्या अर्जाची पोच मला मिळाली नाही.

त्यामुळे माझ्या वेळी मावशी म्हणाली, "रंजना, डोळे मीट, माग त्याच्याजवळ," तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हटलं: संदर्भ, आमचा मागील अर्ज.

मावशी म्हणजे शेवंतामावशी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला सांभाळलं. गॅसचा सिलिंडर वेळेवर आला तरी ती देवाचे आभार मानते, मोठ्यानं, सिलिंडरवाल्यासमोर.

वॉर्ड

पाणी काढायला मला आठ दिवस दाखल केलं. पाणी काढताना दुखतं का, तर दुखतं, पण सुई पाहून वाटतं तेवढं नाही. सुई बघू नका. मी बघितली.

वॉर्डात सकाळी सहाला थर्मामीटर, सातला झाडू, आठला चहा, आणि नऊला डॉक्टरांच्या फेरीसाठी सगळ्यांनी चादरी सारख्या करून शहाण्यासारखं बसायचं. शेजारच्या खाटेवर एक नानी होत्या. दम्याच्या. उत्तर प्रदेशातून आलेल्या. त्यांची तिन्ही मुलं लूमवर. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून पप्पा त्यांना फार आवडले. म्हणायच्या, "पूरे अस्पताल में यही एक आदमी है जिसकी बात साफ़ सुनाई देती है."

गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले ती थेट खाटेवर येऊन बसले. लघवी केशरी झाली होती. फिकट नाही, झेंडूसारखी. मला वाटलं, संपलं. मी पप्पांना जवळ बोलावून कानात सांगितलं. पप्पांनी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सिस्टरला विचारलं, "सिस्टर, हिला केशरी झाली! चालंल का?"

बावीस खाटा माझ्याकडे वळल्या. सिस्टरनं मान वर न करता सांगितलं, "गोळीचा रंग आहे. नाही झाली तर सांगा."

नानींना हे कुणीतरी खुणेनं समजावलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पंप द्यावा लागला. तुम्हालाही होईल. घाबरू नका, आणि वडिलांना सांगू नका.

तिसऱ्या दुपारी नानींनी विचारलं, "तू दुआ नहीं माँगती? तेरी मौसी तो बहुत माँगती है."

"नाराज हूँ," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"किससे?"

मी वर बोट केलं. वर पंखा होता, पण त्यांना समजलं.

"तो नाराज होके बोल ना," नानी म्हणाल्या. "चुप बैठेगी तो उसको क्या मालूम, तू नाराज है कि सो गई है."

मी कूस बदलली. भेटीची वेळ संपली होती, वॉर्ड शांत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा विषय, संदर्भ, महोदय काही न लावता बोलले. आईला का नाही? एवढंच. तीन-चार वेळा. उत्तर आलं नाही. पण खूप दिवसांनी त्या दुपारी मला झोप लागली. नानींच्या म्हणण्याप्रमाणे मी घोरले.

साक्ष

आमच्या मंडळीत गाणी झाल्यावर साक्षी होतात. ज्याला देवाकडून काही मिळालं, तो पुढे येऊन माईकवर सांगतो. आधी काय होतं, प्रार्थना कशी केली, आता काय झालं. शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. मला ही रीत आवडते. पोट भरायला दिवसभर राबणाऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा माईक मिळतो, लोक ऐकून घेतात. मी मात्र कधी पुढे गेले नव्हते.

दोन महिन्यांत माझा खोकला गेला. तीन किलो वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, "छान. आता अजून चार महिने रोज गोळ्या, एकही चुकवायची नाही." मावशी सोबत आली होती. तिनं त्यातलं 'छान' तेवढं उचललं.

त्या रविवारी ती उठली आणि मला न विचारता म्हणाली, "आज आमची रंजना साक्ष देणार हाय!"

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर माईक तोंडापुढे आला. समोर नव्वद माणसं. डाव्या बाजूला सतरंजीवर खिडकीजवळ आईची बसायची जागा. मी खरं तेच सांगायचं ठरवलं होतं: पाणी काढलं, गोळ्या चालू आहेत, चार महिने बाकी आहेत. पण 'खोकला गेला' म्हणताच टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या सुरू झाल्यावर पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं. मी म्हणाले, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं."

मावशी रडली. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीचं जेवण जागच्या जागी ठरलं, चिकन बिर्याणीचं. बाहेर आले तर पप्पा खुर्चीवरून उठले. माईकवरचं त्यांनी सगळं ऐकलं होतं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पप्पा गप्प म्हणजे लूम बंद पडल्यासारखं असतं.

चार दिवस

सोमवारी सकाळी रोजच्या तीन गोळ्या हातात घेतल्या आणि मी थांबले. पूर्ण बरं केलं, असं मी नव्वद माणसांसमोर म्हटलं होतं, देवाचं नाव घेऊन. मग या गोळ्या कशाच्या? घेतल्या तर मी खोटी ठरते, आणि देवाला म्हटल्यासारखं होतं की तुझ्यावर माझा तेवढा भरवसा नाही. मी गोळ्या परत ठेवल्या. मंगळवारीही. बुधवारी मला थोडं पवित्र वाटायला लागलं. गुरुवारी भीती वाटायला लागली, पण आता मधेच सुरू केल्या तर आधीचे तीन दिवस कुणाला सांगायचे, म्हणून त्याही दिवशी राहिल्या.

लिहिताना हे वेडेपणाचं वाटतंय. पण तेव्हा मी शुद्धीत होते आणि कॉलेजात बेरजा बरोबर करत होते.

शुक्रवारी सकाळी आठला पप्पा रातपाळीवरून आले. हात धुतले, चहा न मागता फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि विणलेलं कापड तपासतात तसं दाराच्या उजेडात धरलं.

"चार दिवसांच्या गोळ्या तशाच हायत!"

"चार दिवस? अगं बाई!" भिंतीपलीकडून मंदाकाकू म्हणाल्या. मंदाकाकू आमच्या शेजारी. मधली भिंत नावाला आहे.

पप्पांनी स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि एक स्टीलचा डबा काढला. आईचा, नाताळच्या करंज्यांचा. तो माझ्यापुढे ठेवून झाकण उघडलं. आत गोळ्या होत्या. याच रंगाच्या, पाकिटंच्या पाकिटं, न फोडलेली.

"तुझ्या आईच्या," पप्पा म्हणाले. "ती गेल्यावर तांदळाच्या पिंपात गावल्या."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे तिनं..."

"साक्ष दिली आन् बंद केल्या. कोणी सांगितलं न्हवतं. तिचं तिनंच. मला दिसत होतं ना, घेत न्हाय ते. पाळीवरनं यायचो, झोपायचो. म्हटलं, देवाचं हिला कळतं, मला काय कळतंय."

हे सगळं ते हळू बोलले. पप्पांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो त्यांच्याकडे होता, बावीस वर्षं लूमखाली राहूनही. भिंतीपलीकडे काहीच गेलं नाही. "काय झालं? ऐकू येत न्हाय!" मंदाकाकू ओरडल्या. पप्पांनी डब्याचं झाकण लावलं.

"धागा तुटला का लूम तिथंच थांबवायचा," पप्पा म्हणाले. "गाठ मारायची, मग चालू करायचा. न्हाय तर पुढचं सगळं कापड वाया. रोजचं काम हाय माझं. आन् घरात बघत बसलो." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "तू गाठ मारून घे बाय."

मी गोळ्या घेतल्या.

अडीच वर्षं मी देवाला विचारत होते, आईला का बरं केलं नाहीस. औषध तर तांदळात होतं. मला कुणाचा राग आला ते मी नीट सांगू शकत नाही. आईचा आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, आणि लगेच त्याची लाज वाटली. पप्पांचा आला, पण त्यांच्याकडे बघून टिकला नाही. देवाचा तर होताच. तिला एवढा विश्वास दिलास, तर सोबत थोडं शहाणपण द्यायला काय झालं होतं? हे मी त्याला विचारलं. नाराज होऊन विचारलं.

मिक्सरच्या दुकानात

आधी महत्त्वाचं. त्याच दिवशी मी आमच्या आशा कार्यकर्ती वैशालीताईंना खरं सांगितलं. त्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत, तपासलं आणि बुडालेले दिवस शेवटी भरून काढायला सांगितले. त्यांच्या वाट्याचंही वैशालीताई रागावल्या, रिक्षात, पूर्ण रस्ताभर. गोळ्या चुकल्या तर लपवू नका. सांगितल्यावर जे ऐकून घ्यावं लागतं, ते रिक्षातून उतरेपर्यंतच असतं.

तिथून घरी येऊन मी डबा पिशवीत घातला आणि पास्टरांकडे गेले. आमचे पास्टर रविवारी पास्टर असतात. बाकीचे सहा दिवस ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. फार कडक वाक्यं होती.

पास्टर एक मिक्सर उघडून बसले होते. मला बघून हसले, खिशातून गोळी काढली आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर गिळली.

"कसली गोळी?" मी विचारलं.

"शुगरची. तुझी बिर्याणी हाय ना रविवारी, आतापासून तयारी."

"पण तुम्ही मागच्या वर्षी साक्ष दिली होती. शुगर खाली आली म्हणून."

"आली ना. प्रभूची कृपा."

"मग गोळी?"

"अगं, गोळीनंच आली. प्रभूनं डॉक्टर दिला, डॉक्टरनं गोळी दिली. सोडून कसं चालंल?"

"हे तुम्ही साक्षीत नव्हतं सांगितलं."

मी डबा मिक्सरच्या शेजारी ठेवला, उघडला आणि सांगितलं. आईचं, आणि माझ्या चार दिवसांचं.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि डब्यातलं एक पाकीट उचलून बघितलं. एक बाई दारात येऊन म्हणाली, "झाला का मिक्सर?"

"उद्या या," पास्टर म्हणाले.

"कालपण उद्याच बोललात," असं म्हणून ती गेली.

"मला ठाऊक न्हवतं रंजना," ते म्हणाले. मग पाकीट डब्यात परत ठेवत, "मी विचारलंपण न्हाय कधी. टाळ्या मात्र मीच वाजवायला लावल्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी कडक वाक्यं तशीच राहिली. जो माणूस स्वतःच सांगतोय, त्याच्यावर ती वापरता येत नाहीत.

"रविवारी मी सांगतो सगळ्यांना," ते म्हणाले.

"नको. साक्ष माझी आहे. मीच सांगते."

"कसं सांगशील? तुला माईकवर सुचत न्हाय."

"लिहून आणते," मी म्हटलं.

दुरुस्ती

मावशी हादरली. "साक्ष मागं घेतात का कुठं? आन् बिर्याणीचं सांगून झालंय!"

"बिर्याणी राहू दे मावशी. साक्षच बदलायची आहे."

रविवारी मी कागद घेऊन पुढे गेले. घडी उलगडली, त्याचा आवाज माईकमध्ये आला. मी वाचलं:

"प्रति, मा. प्रभू येशू यांचे चरणी. प्रत, मंडळीस माहितीसाठी. विषय, मागील रविवारी दिलेल्या साक्षीत दुरुस्ती होणेबाबत."

पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मीही हसले, त्यामुळे पुढचं वाचता आलं.

"महोदय, वरील विषयास अनुसरून कळविते की, मी पूर्ण बरी झाले असे म्हटले होते, ते चुकीचे आहे. मी बरी होत आहे, आणि ते तुमच्या कृपेने व रोज तीन गोळ्यांनी होत आहे. साक्ष दिल्यानंतर मी चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, कारण मला वाटले, तुम्हाला राग येईल. माझ्या आईलाही तसेच वाटले होते. तिने साक्ष दिल्यावर गोळ्या बंद केल्या. त्या या डब्यात आहेत. तिचा विश्वास खोटा नव्हता. तिला फक्त कुणी विचारले नाही, की गोळी घेतली का. तरी साक्षीत दुरुस्ती करून घ्यावी. माझ्या अजून चार महिन्यांच्या गोळ्या बाकी आहेत."

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला:

"चार महिने आन् चार दिवस! बुडवलेले कोण भरंल?"

सगळे दाराकडे वळले. पास्टरांनी माझ्या हातातून माईक घेतला. "भाऊ, आत येऊन बोला ना."

"इथनं ऐकू येत न्हाय का?"

"अख्ख्या शेलारला येतंय."

"चपला कोण राखंल?"

"गेल्या तर मी भरून देतो. या."

पप्पा आले. उंबऱ्यापर्यंतच. आत बघितलं, खिडकीजवळच्या जागेकडे बघितलं. म्हणाले, "तिला नावं ठेवू नका. बघत होतो मी. बोललो न्हाय तो मी." आणि वळले.

तेव्हा मावशी उठली. सिलिंडरसाठी एवढ्या मोठ्यानं आभार मानणारी मावशी जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, "दाजी, मलापण ठाऊक होतं. मी तिला शाबास म्हटलं होतं."

पप्पा थांबले. दोघंही अडीच वर्षं हे एकेकटे वागवत होते, एकाच चाळीत, दोन खोल्यांच्या अंतरावर. पप्पांनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच, त्यांना सगळंच जोरात करायची सवय आहे. मग ते बाहेर जाऊन खुर्चीवर बसले.

बिर्याणीच्या आधी पास्टर उभे राहिले. सगळ्यांना दिसेल अशी शुगरची गोळी वर धरली आणि गिळली. "माझीपण साक्ष दुरुस्त करा," ते म्हणाले. मग एका आजीनं कनवटीची पुरचुंडी सोडली, बीपीची गोळी काढली. एकीनं पर्समधून थायरॉईडची. एका काकांनी खिशातून कसली ती सांगितली नाही, पण घेतली. माझी मंडळी एवढी आजारी आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कधी नव्हे इतकं तिथं बसून राहावंसं वाटलं.

शेवटच्या तीन

पुढचे चार महिने आणि चार दिवस मला गोळी विसरता आलीच नाही. सकाळी आठ वाजले की भिंतीपलीकडून मंदाकाकू ओरडायच्या, "घेतली का?" नळावर, जिन्यात, जिथं भेटेल तिथं लोक 'कशी आहेस' म्हणायच्या आधी 'घेतली का' म्हणायचे. लाज वाटायची. मग वाटायचं, आईला एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं.

आईच्या अर्जाची पोच अजून आलेली नाही. ती येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही, मला माहीत नाही. पण मी बोलणं बंद केलेलं नाही. काही दिवस नाराज होऊन बोलते, काही दिवस नुसतीच. नानी माझ्याआधी घरी गेल्या, त्यांच्यासाठीही बोलते. तुम्ही देवावर रागावला असाल तर रागवा. गोळी मात्र घ्या. दोन्ही एकाच वेळी करता येतं, मी करून पाहिलंय.

पप्पांची खुर्ची आता शेडच्या दारात असते. पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत, मागचे दोन बाहेर. डुगडुगते. कुणी सरकवा म्हटलं तर म्हणतात, "इथनं चपलापण दिसतात."

शेवटच्या दिवशी सकाळी पप्पा पाळीवरून आले, हात धुतले आणि माझ्यासमोर बसले. माझ्या तळहातावर शेवटच्या तीन गोळ्या होत्या. मी तांब्या उचलला.

"थांब," पप्पा म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. आई गेल्यापासून मी त्यांना डोळे मिटताना पाहिलं नव्हतं, झोप सोडून. आणि मग लूमवरच्या आवाजात, जणू ज्याला सांगायचंय तो कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा आहे, ते म्हणाले,

"देवा, हिच्या ह्या शेवटच्या. हिच्या आईला सांग, पोरीनं संपवल्या."

"आमेन!" भिंतीपलीकडून मंदाकाकू ओरडल्या. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, त्यांच्या घरात गणपती बसतो. मग एक श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "घेतली का?"

मी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "घेतली!"